धागा: इंदुरात तळ्या-नदीची मासळी विकायची आहे, नियम काय काय आहेत?

सुदामानगरकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी इंदुरात गोड्या पाण्यातली मासळी साफ करून, तुकडे करून घरपोच द्यायचं काम सुरू करतोय. समुद्राची मासळी इथे मुंबई-गुजरातहून बर्फात येते, ती खाणारे खातातच. पण रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरच्या मराठी घरांतून आम्हाला सारखं विचारतात की इथलाच ताजा रोहू, मरळ, शिंगाडा मिळेल का, आणि तो कुठल्या पाण्यातला ते खात्रीनं सांगाल का.

अडलंय ते नियमांपाशी. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. मंडीतला एक व्यापारी म्हणाला, मासळीला काही लागत नाही, भाजीसारखीच विकायची. दुसरा म्हणाला, फूड लायसन्स नसेल तर उभ्याही राहू नका. बडवाहकडचा एक नावाडी नर्मदेतला मासा थेट द्यायला तयार आहे, भावही परवडणारा आहे. तो घेणं कायद्यात बसतं का? आणि पहिलीच मोठी ऑर्डर आली आहे: आखाडातल्या रविवारी, जुलैच्या शेवटी, एका मंडळाचं चाळीस माणसांचं जेवण. त्यांना नदीचाच मासा हवाय. जाणकारांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

टिळकनगर_सीए

फूड लायसन्सचं मी नंतर नीट लिहितो. तोवर एवढं लक्षात घ्या की "काही लागत नाही" हे साफ चुकीचं आहे. घरातून विकत असाल, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेत असाल, तरी अन्न व्यवसायच झाला तो.

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

ताई, बाकीचं सगळं मागाहून. आधी ऑर्डरची तारीख बघा. जुलैचा शेवट म्हणजे बंद हंगाम.

मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांत आणि जलाशयांत मासेमारी बंद असते. नदीय मत्स्योद्योग नियम १९७२ मधली ही तरतूद आहे, आणि दर जूनमध्ये जिल्ह्याजिल्ह्यातून त्याचा आदेश निघतो. लोकांची समजूत अशी असते की बंदी फक्त जाळं टाकणाऱ्याला. तसं नाही. पकडणं, वाहून नेणं, देवघेव, विक्री, सगळंच त्यात येतं. तुमचा नावाडी जितका अडकेल तितक्याच तुम्हीही. १९८१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माल जप्त होतो तो वेगळाच.

सूट आहे ती अशा लहान तळ्यांना, ज्यांचा कुठल्याही नदीशी संबंध नाही आणि जी "निर्दिष्ट जल" म्हणून जाहीर झालेली नाहीत. तिथला मासा या दोन महिन्यांतही विकता येतो.

हा फरक का केला तेही समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल. रोहू, कतला, नरेन (मृगल) हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. पहिल्या पुराचं गढूळ पाणी चढायला लागलं की ते प्रवाहाच्या उलट वर सरकतात आणि काठावर पसरलेल्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. रोहूच्या मादीच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे दोन-अडीच लाख अंडी असतात. जुलैत नदीतून एक मादी ओढली म्हणजे काय गेलं याचा हिशोब तुम्हीच करा. तळ्याचं गणित निराळं आहे. तिथलं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, हॅचरीतून (अंडी उबवण्याच्या केंद्रातून) येतं. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ ला पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून हळूहळू तळ्यातल्या शेतीला नदीतून बीज आणायची गरज उरली नाही. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्यामुळेच. तळं रिकामं झालं तर पुन्हा बीज सोडता येतं. नदीचं तसं नाही.

म्हणून त्या मंडळाला आजच फोन करून सांगा की नदीचा मासा मिळणार नाही.

खवय्या_देवास

काका, मग ऐन पावसाळ्यात बाजारात रोहू-कतला ढिगानं दिसतो तो कुठला? मी तर दरवर्षी आखाडात आणतो. अगदी गाभोळीसकट.

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

बराचसा आंध्रचा. तिथल्या तळ्यांतून थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ भरून ट्रकनं येतो. तो शेतीचा मासा आहे. व्यापाऱ्याकडे त्याचं बिल आणि बिल्टी (ट्रकवाल्याची मालाची पावती) असायला हवी. आपल्याकडचाही तळ्याचा मासा असतो. त्रास पुढे आहे: याच ढिगात नदीचा आणि धरणाचा चोरटा मासा मिसळला जातो, आणि एकदा मिसळला की डोळ्यांनी ओळखता येत नाही. खवलं तीच, रंग तोच. तपासायला गेलं की सगळेच सांगतात, साहेब, आंध्रचा माल. तिथे कागदच बोलतो.

गाभोळीचं विचारलंत म्हणून लिहितो. तळ्यातल्या मादीच्या पोटातही गाभोळी असते, तेव्हा गाभोळी दिसली म्हणजे मासा चोरीचा असं होत नाही. पण आखाडात "गाभोळीवाला नदीचा द्या" अशी मागणी वाढते, आणि ती मागणीच नदीवर जाळी टाकायला लावते. जून ते ऑगस्ट समुद्राची आवकही रोडावते, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्यात श्रावण लागायच्या आधी जेवून घ्यायची आपली रीत. आणि इथला शेजार पौर्णिमेपासून महिना धरतो, त्याचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्यामुळे बाजार थंडावतो तेव्हा नेमकी मराठी घरांची मागणी चढलेली असते. ताई, या दोन महिन्यांत तुमच्या यादीत गाभोळी ठेवूच नका, असं मी म्हणेन.

सुदामानगरकर

काका, मनापासून आभार. मंडळाशी बोलते. पण १५ ऑगस्टनंतर तरी त्या नावाड्याकडून घेता येईल ना?

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

त्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: पाणी कोणाचं?

आपल्या राज्यात लहान तलाव ग्रामपंचायतीकडे असतात, त्याहून मोठे जनपद (तालुका) पंचायतीकडे, त्यावरचे जिल्हा पंचायतीकडे. शहरातले महापालिकेकडे. हे तलाव पट्ट्यावर, म्हणजे मुदतीच्या भाडेकरारानं, दिले जातात, साधारण दहा वर्षांसाठी, आणि पहिला हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा. पट्टा ज्याचा, मासा त्याचा. इंदिरा सागर, गांधी सागर, तवा, बरगी अशी मोठी धरणं राज्याच्या मत्स्य महासंघाकडे आहेत. तिथे नोंदलेला मच्छीमार मासा पकडतो, पण तो त्याला कुणालाही विकता येत नाही. ठरलेल्या घाटावर आणायचा, तोल करायचा, ठेकेदाराकडे द्यायचा आणि दरानुसार मजुरी घ्यायची. तिथून तुम्ही परस्पर घेतलात तर तुमच्या हातात चोरीचा माल आहे, मग पकडणारा कितीही गरीब आणि सज्जन असो.

बडवाहचा नावाडी वाहत्या नर्मदेतून धरतो की वरच्या धरणातून आणतो, हे आधी बघा. तो कुठल्या संस्थेचा सभासद आहे, ओळखपत्र आहे का, संस्था पावती देते का. देत असेल तर पावती संस्थेच्या नावाची घ्या. खरगोनच्या मत्स्योद्योग कार्यालयात एक अर्ज देऊन त्याच्या पट्ट्यातल्या पाण्याची स्थिती लेखी मागा. तोंडी उत्तरावर धंदा उभा करू नका.

सिरपूर आणि यशवंत सागरबद्दलही सांगून ठेवतो. दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहेत, आणि यशवंत सागरचं पाणी शहर पितं. काठावर गळ टाकून बसलेल्या पोरांकडून मासे घेऊन विकायचा मोह धरू नका.

तापीकाठ_बऱ्हाणपूर

काकांनी कायदा बरोबर सांगितला. आता पाण्यातल्या माणसाची बाजू मला सांगू द्या. आम्ही बऱ्हाणपूरचे भोई, वडिलांपर्यंत तापीवर पोट होतं. माझे मामेभाऊ इंदिरा सागरवर जातात.

रात्री जाळी लावायची, पहाटे चारला काढायला निघायचं. घाटावर पोचेपर्यंत उजाडतं. तिथे जमिनीवर निळी ताडपत्री अंथरलेली असते, त्यावर मासा ओततात आणि ठेकेदाराचा माणूस पायानं दराच्या प्रतीप्रमाणे ढीग वेगळे करतो: मेजर इकडे, लोकल मेजर तिकडे, मायनर कडेला. कतला जरा लहान भरला की तो खालच्या ढिगात जातो. ओल्या क्रेटचं वजन म्हणून किलो-दीड किलो वजा होतं. मामेभाऊ वाद घालत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच ताडपत्रीवर यायचं असतं. जो मासा तो तिथे मजुरीच्या दरात देतो, तोच इंदुरात तिप्पट-चौपट भावानं विकलेला मी पाहिलाय. मग एखाद्यानं दोन कतले पिशवीत घालून गावातल्या ढाब्याला दिले, तर तो चोर.

आणि हे लोक कोण आहेत? इंदिरा सागरच्या पाण्यासाठी २००४ मध्ये हरसूद गाव उठलं. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली आहेत तेच आज त्या पाण्यात जाळं टाकतात. स्वतःच्या शेतावरून होडी नेतात म्हणा. त्यांना मासा विकायचा हक्क नाही, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

दादा, तुमचं दुःख मी घाटावर उभं राहून पाहिलेलं आहे. तोलात कसर होते हेही खरं. त्याची तक्रार संस्थेच्या ठरावानं महासंघाकडे आणि वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याकडे करता येते, पण एकट्या माणसाला ते झेपत नाही हेही मान्य.

पण वेगळा रस्ता असू शकतो हे या राज्यानं पाहिलंय. तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ मध्ये जलाशयाचा मासेमारीचा हक्क मिळवला. केसलाजवळच्या त्यांच्या सहकारी संघानं बीज सोडलं, बंद हंगाम पाळला, चोरट्या मासेमारीवर आपल्याच माणसांची गस्त ठेवली आणि मासा स्वतः बाजारात नेला. २००६ ला पट्टा संपला, पुढे वाढवला गेला नाही, आणि तवाही महासंघाकडे गेला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तो प्रयोग चालू राहायला हवा होता. नोकरीत असताना हे म्हणता येत नव्हतं, आता म्हणतो.

तरीही ताईंना मी पिशवीतले दोन कतले घ्यायला सांगणार नाही. धाड पडली तर आधी तुमचा भाऊ सापडेल, त्याचं जाळं जाईल, होडी जाईल. ठेकेदाराचं काही जाणार नाही.

तापीकाठ_बऱ्हाणपूर

शेवटचं पटलं. ताई, मग एक करा. धार-देवासकडे पंचायतीच्या तलावांचे पट्टे असलेल्या संस्था आहेत, त्यांना मासा थेट विकायचा पूर्ण हक्क आहे. त्यांच्याकडून घ्या, व्यापाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त द्या. त्यात मच्छीमाराचं भलं आहे आणि तुमच्या मागे कटकट नाही. पैसे संस्थेच्या खात्यात टाका, म्हणजे वाटपात सगळ्यांना दिसतात.

ग्वाल्हेरची_माई

आमच्याकडचं एक सांगते. ग्वाल्हेरात "चंबळचा मासा" म्हणून दारावर विकायला येतात. चंबळचा तो भाग १९७९ पासून घडियालचं (लांब तोंडाच्या मगरीचं) अभयारण्य आहे. तिथली मासेमारी थेट वन्यजीव कायद्याखाली येते, १६ जूनचा प्रश्नच नाही, बारा महिने बंदी. मासळीच्या जाळ्यात घडियालचं पिल्लू अडकलं की श्वास घ्यायला वर येता येत नाही, बुडून मरतं. मी दारावरून घेणं बंद केलंय आणि आमच्या भिशीतल्या बायकांनाही बंद करायला लावलंय. इंदूरकरांनीही चंबळचं नाव सांगणाऱ्याकडून काही घेऊ नये.

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

माई, अगदी योग्य. त्यालाच जोडून: जाळ्यात आलेलं कासव "सोबत घ्या" म्हणून कुणी देईल, त्याला हातसुद्धा लावू नका, तोही वन्यजीव कायदाच. आणि महाशीर. २०११ पासून तो आपला राज्य मासा आहे. धरणांमुळे वाहतं स्वच्छ पाणी आणि खडीचा तळ गेला, नर्मदेतला महाशीर फार कमी झाला. बडवाहला वनखात्यानं त्याच्या प्रजननाचे प्रयत्न केलेत. तुमच्या यादीत तो कधीच नको, आणि कुणी दिला तर त्याच्याकडून पुढचा मालही घेऊ नका. सुरुंग लावून किंवा विष घालून मारलेल्या मासळीला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

खवय्या_देवास

मागूर चालेल का? जिवंत विकतात टाकीतून.

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

देशी मागूर चालेल. थाई मागूर नाही. तो पाळायला आणि विकायला देशभर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानंही ती बंदी उचलून धरली. तो दुसरे मासे फस्त करतो, पुरात तळ्यातून निसटून नदीत गेला तर तिथेही तेच करतो, आणि अनेक ठिकाणी त्याला कत्तलखान्याची घाण घालून वाढवतात. देशी मागूर पाव-अर्ध्या किलोच्या आसपास राहतो. टाकीत दोन-दोन किलोचे काळे मागूर वळवळत असतील तर तिथून निघा.

टिळकनगर_सीए

आता माझा भाग. अन्नसुरक्षा कायदा २००६ खाली लहान उलाढालीला नोंदणी आणि वरच्या उलाढालीला राज्याचा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या सरकारी अन्न-परवाना पोर्टलवर, फोटो आणि जागेचा पुरावा लावून. चौदा आकडी नंबर मिळतो, तो दुकानात दिसेल असा लावायचा आणि बिलावर छापायचा. साफसफाईची जागा स्वयंपाकघरापासून वेगळी दाखवा, पाणी पिण्याचं हवं, बर्फही पिण्याच्या पाण्याचाच हवा. फॉर्मालिन कुठल्याही प्रमाणात चालत नाही.

महापालिकेचा परवाना वेगळा. १३ डिसेंबर २०२३ ला नव्या मुख्यमंत्र्यांनी पहिल्याच दिवशी उघड्यावर मांस-मासळी विकण्याविरुद्ध आदेश काढला, तेव्हापासून इंदुरात यावर बारीक नजर असते. दुकान घेणार असाल तर काचेचा दरवाजा, झाकलेला ओटा, कचऱ्याची बंद बादली हे आधीच करून घ्या. रहिवासी सोसायटीत कापणी करणार असाल तर शेजाऱ्यांची तक्रार सगळ्यात आधी येईल, तेव्हा कापायची जागा व्यावसायिकच बघा.

ताज्या आणि नुसत्या बर्फातल्या मासळीवर जीएसटी नाही. गोठवून, लेबल लावून पॅकबंद विकायला लागलात की लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याची मोहर दरवर्षी करून घ्या.

आणि प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीची मोटारसायकल, तीनचाकी, विक्रीचा किऑस्क यांवर महिलांना साठ टक्के अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतायत का ते जिल्हा मत्स्योद्योग कार्यालयात जाऊन विचारा. तिघी आहात, बचतगट किंवा संस्था करून गेलात तर बरं पडेल.

रामबागची_वहिनी

गिऱ्हाईक म्हणून माझी एकच मागणी. पुडक्यावर तलावाचं नाव आणि काढल्याची तारीख लिहा. त्यासाठी मी किलोमागे वीस रुपये जास्त देईन, आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी देतील. दुकानदाराला विचारलं की "ताजा आहे, घ्या" एवढंच उत्तर मिळतं. कल्ला लाल आहे का, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का, बोटानं दाबल्यावर खळगा भरून येतो का, हे मी बघू शकते. तो कुठून आला हे मला कसं दिसणार?

सुदामानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघी काल बसलो आणि ठरवलं.

मंडळाशी बोलणं झालं. त्यांनी आधी नाराजी दाखवली, मग काकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्षांच्या आईच म्हणाल्या की अंडी घालायला निघालेला मासा नको आपल्याला. आता जेवणात पट्ट्याच्या तळ्यातला कतला, सोबत सुकटीची चटणी आणि बोंबील भाजून. देवासकडच्या एका संस्थेनं पट्ट्याचा कागद दाखवला. तळं नदीशी जोडलेलं नाही, हे तिथल्या कार्यालयाकडून लेखी आल्यावरच माल उचलू. बडवाहच्या दादांना १५ ऑगस्टनंतर संस्थेची पावती देता येईल का विचारलंय, ते त्यांच्या अध्यक्षांशी बोलणार आहेत. फूड लायसन्सचा अर्ज भरला. यादीत महाशीर, मागूर आणि आखाडात गाभोळी नाही. वहिनी, तलावाचं नाव आणि तारीख प्रत्येक पुडक्यावर येईल.

काका, पावतीवर नेमकं काय काय लिहून घेऊ?

निवृत्त_मत्स्यनिरीक्षक

संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तलावाचं नाव, गाव, पट्ट्याची मुदत कधीपर्यंत आहे ते, माशाची जात आणि जातीनुसार वजन, काढल्याची तारीख आणि वेळ, गाडीचा नंबर, देणाऱ्याची सही. मुदत जरूर बघा, संपलेल्या पट्ट्यावर विक्री चालू असलेली मी पुष्कळदा पकडली आहे. एक प्रत गाडीत, एक दुकानात. कार्यालयाच्या पत्राची झेरॉक्स बंद हंगामात पावतीसोबतच ठेवा, इंदूर बायपासवर गाडी थांबवली तर ड्रायव्हरकडे ती असली पाहिजे. आणि बर्फ माशाच्या वजनाइतका घाला, पावसाळा असला तरी.